रोज घागरभर पाणी

आमच्या विजेच्या इन्स्पेक्टरसाहेबांना कुणी जेवायला बोलावलं, तर घरात पाऊल टाकल्यावर ते आधी नमस्कार करत नसत. आधी वर बघत. आढ्याकडे, मग भिंतीवरून गेलेल्या वायरच्या लाकडी पट्टीकडे, मग बटणाकडे. यजमान हात जोडून उभा, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि साहेब मान वर करून खोल्याखोल्यांतून फिरताहेत. सगळं बघून झालं की मान खाली यायची. "नमस्कार. स्वयंपाकघरातला वायरचा जोड उघडा आहे. तो झाकेपर्यंत मी इथे जेवू शकत नाही." असे ते माझ्या घरून उपाशी परत गेलेत. आणि मी कोण? वायरिंगचा परवानाधारक ठेकेदार! बायकोनं ती गोष्ट माहेरी दारव्ह्यापर्यंत पोचवली. पुढं कित्येक वर्षं सासरा मला भेटला की तब्येत विचारायच्या आधी विचारायचा, "काय जावईबापू, जोड झाकला का?"

मला तसाही राग लवकर येतो. पण या माणसावर जितका आला तितका आयुष्यात कुणावर आला नाही, आणि ज्याच्यावर राग धरून बसणं इतकं अवघड गेलं असाही दुसरा कुणी भेटला नाही.

छप्पन साली आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला गेला. त्यानंतर तिकडचे अधिकारी इकडे यायला लागले. कुणी आले ते ऊन बघून पळाले, कुणी आले ते तर्री खाऊन आजारी पडले. साहेब आले आणि राहिले. पुण्याकडचे. उंच, वाळके, डोक्यावर सोला हॅट, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बंद, आणि पायांत जाड रबरी तळाचे बूट. ते बूट ते घराबाहेर कुठंच काढत नसत, त्यामुळे देवदर्शनाला कुणी नेलं तर हे बाहेरच उभे. काखेत नियमांचं पुस्तक, त्याला मांजरपाटाचं कव्हर शिवलेलं. काहीही विचारा, पुस्तक उघडायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, चहा घेता का, हे बी पुस्तकात पाहता का?" तर म्हणाले, "चहा घेतो. कपबशी ओली आहे, बटणापासून लांब ठेवा."

दिग्रसच्या एका कापूसवाल्या शेठकडच्या लग्नाची गोष्ट तर सगळ्या जिल्ह्यात पसरली. मांडवभर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. साहेब पाहुणे म्हणून आलेले. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडायला लागल्या, आणि साहेबांना दिसलं की माळेची वायर ओल्या बांबूला नुसती गुंडाळलीय. पाणी शिंपडलेलं, बाया बांबूला टेकून उभ्या. साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही. जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. भटजी 'शुभमंगल'वर अडकले. अंधारात शेठ ओरडला, "कोन हाय बे तो?" आणि अंधारातूनच साहेबांचा शांत आवाज आला, "वधूवरांनी आहेत तिथेच उभं राहावं. खांबाला कुणी हात लावू नये." लग्न पेट्रोमॅक्सच्या बत्तीवर लागलं. शेठनं साहेबांना जेवायचंही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये साहेब मला म्हणाले, "बरं झालं. स्वयंपाकाचा मांडव मी बघितलाच नव्हता."

आता यातली खरी गंमत ऐका. या माणसाच्या स्वतःच्या घरात वीज नव्हती. होती, म्हणजे तारा होत्या, दिवे होते, सगळं होतं. पण भाड्याचं घर घेतल्याच्या दिवशीच साहेबांनी त्याची तपासणी केली आणि ते नापास ठरवलं. कनेक्शन तोडून टाकलं. घरमालक म्हणाला, तुमाले नाई पटत तर तुमीच नवीन करून घ्या. त्यावर साहेबांचं उत्तर असं की तपासनीसानं स्वतःच काम करवून घ्यायचं आणि स्वतःच ते पास करायचं, हे नियमात बसत नाही. दुसऱ्या कुणी तपासायला हवं. आणि जिल्ह्यात दुसरा तपासनीस नव्हताच! तेव्हा साहेब कंदिलावर राहत. संध्याकाळी पुस्तक वाचायला बसले की काच पुसायचे, वात कापायचे, आणि डोळे बारीक करून वाचत बसायचे.

त्याच कंदिलाच्या उजेडात आमच्या जिल्हा विद्युत तपासनीस मंडळाच्या सभा भरत. हे मंडळ साहेबांनीच काढलं. अध्यक्ष ते, आणि बाकी आम्ही ठेकेदार अन् वायरमन सहयोगी सदस्य. मंडळाची घटनाही त्यांनीच लिहिली, आणि त्यात लिहिलं की सभेला किमान दोन तपासनीस हजर पाहिजेत. आता दुसरा तपासनीस आणायचा कुठून? मग प्रत्येक सभा अशी व्हायची: आम्ही सतरंजीवर बसायचो, साहेब खुर्चीवरून इकडंतिकडं बघायचे, आणि गंभीरपणे जाहीर करायचे, "गणसंख्येअभावी सभा तहकूब." आम्ही अंगणात जाऊन चहा घ्यायचो, कप विसळायचो, परत येऊन बसायचो. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, असंही घटनेत होतं. त्यामुळे मग सभा सुरू.

आणि तिथं प्रश्न काय काय यायचे! गोठा ही 'ओली जागा' धरायची की 'कोरडी जागा'? मग गोठ्यात बैल असेल तर, आणि म्हैस असेल तर, यावर वेगवेगळी मतं. मीटरच्या पेटीत चिमणीनं घरटं केलं तर तो ज्वालाग्राही पदार्थ होतो का? साहेब प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे. घरट्यावर शेवटी ठराव झाला की पिलं उडेपर्यंत पेटी उघडू नये आणि त्यानंतर घरटं काढावं. एक म्हातारा वायरमन तर सभेत झोपायलाच यायचा, कारण त्याच्या घरी सुना भांडत.

साहेबांचा खरा जीव मात्र मातीत अडकला होता. अर्थिंग! विजेत काही बिघाड झाला, मशीनच्या अंगात करंट उतरला, तर तो माणसाला न मारता जमिनीत निघून गेला पाहिजे. त्यासाठी खोल खड्डा करायचा, त्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ. पण माती ओली पाहिजे. आणि आमची माती म्हणजे काळी. पावसाळ्यात बूट ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साहेबांकडे हातानं दांडा फिरवायचं एक तपासणीचं यंत्र होतं, आम्ही त्याला चक्की म्हणायचो. पावसाळ्यात चक्की फिरवली की काटा झकास, मे महिन्यात फिरवली की काटा दुसऱ्या टोकाला. म्हणून साहेबांचा हुकूम, खड्ड्यात रोज घागरभर पाणी ओता. लोक "हो साहेब, हो साहेब" म्हणायचे आणि कुणी ओतायचं नाही.

मग एक दिवस साहेबांच्या लक्षात आलं की हो म्हणतात ते पुरुष, आणि पाणी भरतात त्या बाया. म्हणजे आपण चुकीच्या माणसांशी बोलतोय! गावच्या नाल्याच्या अलीकडच्या पुऱ्यात त्यांनी सगळ्या बायांना गोळा केलं आणि समजावून सांगितलं. "हा खड्डा तुमच्या मुलाबाळांवर येणारं संकट स्वतःच्या अंगावर घेतो आणि जमिनीत नेतो. पण तो तहानलेला राहिला, तर त्याला ते जमत नाही." बायांनी माना डोलावल्या. इतकं नीट कळलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं आम्ही गेलो, तर खड्ड्याला चुना फासलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, हिरव्या बांगड्या, लिंबू, आणि पुढं एक बाई पोराला लोटांगण घालायला लावून राह्यली होती. "कोळसामाय हाय साहेब," तिनं सांगितलं. "तुमीच तं म्हनलं, लेकरायवरचं आपल्या अंगावर घेते म्हनून. आमी तिले एकबी दिवस तहानलेली ठेवली नाई." मला वाटलं आता साहेब भडकणार. त्यांनी चक्की काढली, वायरी जोडल्या, दांडा फिरवला. काटा इतका छान उतरला की साहेबांनी परत फिरवून पाहिला. "यवतमाळात याहून चांगलं अर्थिंग नाही," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ निंबाखाली टोपी काढून बसले.

पुढच्या सभेत, तहकुबी आणि चहा आटोपल्यावर, विषय आला. कोळसामायची पूजा नियमाविरुद्ध आहे काय? साहेबांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चाळलं. कुंकवाबद्दल काही नाही. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणजे ते उपयोगीच. फक्त नारळ नळीवर फोडू नये. शनिवारी काही लोक मारुतीसारखं तेल घालायला लागले होते, ते मात्र साहेबांनी कडक बंद केलं. तेलातून वीज जात नाही, तेल म्हणजे माती वाया. "भक्ती करायची तर पाण्यानंच करा," असा ठराव मंडळानं एकमतानं केला. म्हातारा वायरमन झोपेतच हात वर करून होता.

आम्ही हसलो, पण याचा पेच पुढं आमच्याच गळ्यात पडला.

नाल्याच्या पलीकडं, घाटंजीच्या रस्त्याला लागून, बौद्ध वस्ती होती. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेले लोक. त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं विटा पाडून विहार बांधला, वरून टिनं टाकली, आणि विजेचं काम मला दिलं. सगळा कारभार गिरजाबाईंच्या हाती. गिरजाबाई जिनिंगमध्ये कापसाच्या कामावर जायच्या, बोलणं एक घाव दोन तुकडे. दीक्षा घेऊन आल्या त्याच दिवशी त्यांनी घरातले देव टोपल्यात भरून नाल्यात सोडले होते. सासू रडली तर म्हणाल्या, "देव गेले तं गेले, सासूबाई, मी हावो ना."

बुद्धपौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली होती. त्या दिवशी विहारात दिवा लागलाच पाहिजे, हे त्यांचं एकच म्हणणं. कारण आदल्या वर्षी पौर्णिमेला त्यांनी आबाजींकडून पेट्रोमॅक्सची बत्ती मागून आणली होती. आबाजी म्हणजे नाल्याच्या अलीकडच्या देवळाचे पंच, तेलघाणीचे मालक. गिरजाबाईंनीच मला सांगितलं, "वंदना चालू होती, ठेकेदारभाऊ. मंधातच त्यायचा मानूस आला अन् बत्ती उचलून चालला गेला. म्हने, देवळात भजनाले पाह्यजे. लेकरं रडून राह्यलते. आमी अंधारातच वंदना पुरी केली. मी तवाच बोलली, पुढच्या पौर्णिमेले आपला दिवा, नाई तं दिवाच नाई."

मी काम असं केलं की बोट ठेवायला जागा नाही. साहेब आले, वर बघितलं, खाली बघितलं, एकही जोड उघडा नाही. मी छाती काढून उभा. मग त्यांनी चक्की फिरवली. मे महिना, काळी माती. काटा दुसऱ्या टोकाला.

"नापास," साहेब म्हणाले. "खड्ड्यात रोज घागरभर पाणी ओता. आठवड्यात सुधारेल."

"नाई ओतनार," गिरजाबाई म्हणाल्या.

साहेबांना वाटलं पाण्याची अडचण असेल. "विहीर तर आहे तुमची."

"विहीर आहे. आमीच खंदली. पानी बी आहे. पन खड्ड्यावर नाई ओतनार. तिकडं पायलं ना तुमी काय झालं ते? आज एक बाई पानी घालन, उद्या दुसरी कुंकू लावन, परवा तिसरी नवस बोलन. घरातले देव मी या हातानं टाकले, साहेब. आता खड्ड्याची पूजा करू?"

"ही पूजा नाही, बाई. हे शास्त्र आहे."

"तिकडं बी तुमी हेच सांगतलं असन."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं आणि न उघडताच परत काखेत मारलं. असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाई चुकत नव्हती, हेही त्यांना दिसत होतं.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्या हातापाया पडलो. "साहेब, एका संध्याकाळची गोष्ट आहे. सही करून टाका. पावसात काटा आपोआप येईन खाली."

"आणि त्या संध्याकाळी बिघाड झाला तर? टिनाचं छप्पर, दाट गर्दी, लहान मुलं. वीज सणाची सुट्टी घेत नाही."

मी तिथंच सायकल आपटली आणि त्यांना नाही नाही ते बोललो. तुमाले काळीज नाई, तुमी मानूस नाई, पुस्तक हाव, असं सगळं. त्यांनी सायकल उचलून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आबाजी घाणीवरून मला हाक मारून म्हणाले, "काय ठेकेदार, नापास झाला म्हनतात विहार? बत्ती पाह्यजे असन तं सांगजा. देऊ आमी." आणि मिशीत हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडळाची तातडीची सभा भरली. तहकूब झाली. चहा झाला. मग चर्चा. एकानं सुचवलं, बाईऐवजी माणसानं पाणी ओतावं. गिरजाबाई म्हणतील, पुजारी तर माणूसच असतो, असं मीच उत्तर दिलं. दुसरा म्हणाला, "पोरायले तिथं मुतायले सांगा. खारं बी असते." साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," ते म्हणाले, "पण विहाराच्या दारात? नाही." कंदिलाची काच काजळत होती. साहेब अंगणाकडे बघत बसले होते, जिथं आम्ही दर सभेला कप विसळून पाणी फेकायचो. भर उन्हाळ्यात तिथं अळूची पानं हाताएवढी झाली होती, आणि बाकी सगळं अंगण भेगाळलेलं.

"इथे कोण पाणी घालतं?" साहेबांनी विचारलं.

"कोनीच नाई."

साहेब ताडकन उठले. "ओतायचं नाही! सांडायचं!" आणि निघाले, थेट नाल्याकडं. पायात बूट नव्हते, हे त्यांना कळलंही नाही. आम्ही मागून बूट घेऊन धावलो.

विचार असा होता. विहाराच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ओटा करायचा, त्यावर रांजण. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाणी प्यायचं. सांडलेलं पाणी उतारानं वाहत नळीच्या तोंडाशी जायचं. माणूस लांब उभा राहील, पाणी तेवढं खड्ड्यापर्यंत पोचेल. गिरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तहानलेल्याले पानी देनं हे आमाले पटते," त्या म्हणाल्या. "मी सोता बसन पानी वाढाले, वगराळं घेऊन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पन साहेब, पेनार कोन?"

"बाजाराला जाणारे सगळे."

गिरजाबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी जमिनीकडं. त्या वस्तीतल्या रांजणाचं पाणी बाजाराला जाणारे सगळे पिणार नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

बाजाराचा दिवस आला. पौर्णिमा दोन दिवसांवर. बायांनी विहिरीचं पाणी शेंदून रांजण भरला, गाळून. सकाळपासून माणसं जात होती, रांजणाकडं बघत होती, आणि पुढं सरकत होती. प्यायले ते वस्तीतलेच. कोळसा-मीठ नवीन घातलेलं, पण माती कोरडी. ऊन चढल्यावर साहेब आले, रांजणाशेजारी खुर्ची टाकून बसले, हॅट सारखी केली, आणि पहिल्याच बंडीवाल्याला थांबवलं.

"पाणी प्या."

बंडीवाला गडबडला. "कायले, साहेब?"

"सरकारी काम आहे. अर्थिंग ओलं करायचं आहे. ओंजळीनं प्या, भांड्यानं नको. ओंजळीनं जास्त सांडतं."

सरकारी काम म्हटल्यावर बंडीवाला प्यायला. त्याच्या मागचा प्यायला. कुणी विचारलं, कितीचा दंड आहे म्हणे न प्यायलं तर? मी म्हटलं, मले माहीत नाई बाप्पा, तुमीच साहेबाले विचारा. विचारायची हिंमत कुणाची! एक वाणी ओंजळ नीट तोंडाला लावून प्यायला, थेंब सांडला नाही, तर साहेबांनी त्याला परत प्यायला लावलं. तमाशाच झाला. लोक गोळा व्हायला लागले, हसायला लागले, आणि त्या गर्दीत छत्री घेऊन आबाजी आले.

"आबाजी, पाणी घ्या," साहेब म्हणाले.

"तहान नाई."

"मे महिना आहे. ऊन डोक्यावर आहे. आपण बाजारातून चालत आलात. आणि तहान नाही? वैद्याला दाखवा."

लोक खो खो हसले. आबाजी लाल झाले. "साहेब, तुमाले समजून नाई राह्यलं. हे रांजन म्हनजे..." आणि थांबले. पुढचं बोलायला सगळ्या बाजारादेखत जीभ रेटेना. शिवाशिवीविरुद्ध कायदा होता. शिवाय घाणीला नवीन मोटर बसवली होती, तिची तपासणी व्हायची होती.

"रांजणाचं काय?" साहेबांनी मांडीवर पुस्तक उघडलं. "पाणी गाळलेलं आहे, मी स्वतः पाहिलं. कुठलं कलम आड येतं ते सांगा, मी आत्ता बघतो." आणि खरंच पानं उलटायला लागले. आबाजींच्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिले.

आबाजींनी छत्री मिटून माझ्या हातात दिली. वाकले आणि ओंजळ धरली. गिरजाबाईंनी वगराळं भरलं. मला वाटलं त्या काही बोलणार नाहीत. पण बोलल्या, अगदी हळू, "मायी सासू जिंदगीभर तुमच्या विहिरीपाशी अशीच ओंजळ धरून उभी राह्याची, आबाजी. कोनी वरून पानी टाकन म्हनून. प्या. पोटभर प्या."

आबाजी प्यायले. निम्मं पाणी कोपरांवरून ओघळून ओट्यावर सांडलं आणि उतारानं खड्ड्याकडं गेलं. मी हातातली छत्री उघडून तोंडाआड धरली, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात साहेबांनी खुर्चीतून टाळी वाजवली. "उत्तम! असं प्यायला पाहिजे! बघा सगळ्यांनी!"

त्यानंतर रांग लागली. आबाजी प्यायले म्हटल्यावर कुणाची आडकाठी उरली नाही, आणि ऊन तर होतंच. गिरजाबाईंचा हात दुखला, दुसरी बाई बसली, मग तिसरी. विहिरीवरून पाणी येत राहिलं. दिवस कलता कलता खड्ड्याभोवतीची भेग मिटली.

पौर्णिमेच्या दुपारी साहेबांनी चक्की फिरवली. सगळी वस्ती भोवती उभी. काटा हलला, सरकला, आणि खाली येऊन थांबला. साहेबांनी दोनदा फिरवून पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि सही केली. मी लोकांदेखत त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "सोडा. शाई ओली आहे."

संध्याकाळी दिवा लागला. बटण गिरजाबाईंनीच दाबलं. लेकरांनी एकच गलका केला, म्हातारी सासू दिव्याकडं बघून हात जोडायला लागली तर गिरजाबाईंनी हळूच तिचे हात बुद्धाच्या मूर्तीकडं वळवले. वंदना झाली, कुणीही मध्ये येऊन काही उचलून नेलं नाही. खीर वाटली. साहेब दाराशी बसून होते, रबरी बूट बाहेर काढून ठेवलेले, तेही पहिल्यांदाच. लोक पांगायला लागले तरी हे उठेनात. मांडीवर पुस्तक उघडून दिव्याखाली वाचत बसलेले.

"साहेब, घरी नाई जायचं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"जातो. एवढं पान झालं की. इथे अक्षर छान दिसतं."

"काहून? घरी नाई दिसत?"

मग मी सांगितलं. साहेबायच्या घरी कंदील आहे. यायचं घर यायनंच नापास केलंय. गिरजाबाईंना आधी खरं वाटेना, मग त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी त्या बाईला कधी हसताना पाहिलं नव्हतं. खाली बसून हसल्या, डोळे पुसले, परत हसल्या. साहेब त्यांच्याकडं बघत राहिले, यात हसण्यासारखं काय आहे हे न कळून.

"मंग रोज इथंच येत जा वाचाले," गिरजाबाई म्हणाल्या. "हे घर पास आहे. पन आमचा बी एक नियम आहे. आल्यावर पैले पानी पेत जा. ओंजळीनं. सांडून."

साहेबांनी थोडा विचार केला, पुस्तकात काही आड येत नाही याची मनाशी खात्री केली असावी. "मान्य," ते म्हणाले. बदली होईपर्यंत ते रोज संध्याकाळी आले. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजवून पाणी प्यायचे, वाकून माती ओली झाली का ते बघायचे, आणि मग बूट काढून दिव्याखाली वाचायला जायचे.